नव्या आवृत्तीआधी विकत मिळणारं 'झलक-पुस्तक': घ्यावं का?

कुळागर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली म्हणून काल माळ्यावर चढलो होतो. शोधत होतो माटोळीची चौकट (गणपतीवर फळं-फुलं टांगायची), हाताला लागला पुठ्ठ्याचा खोका. त्यात जुन्या कॅसेट, एक मोडकी छत्री आणि दोन पातळ पुस्तकं: 'रेसेस अँड क्लासेस' आणि 'वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स'. डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाची चौथी आवृत्ती यायच्या आधी कंपनीने विकलेली झलक-पुस्तकं. प्रत्येकी ९६ पानं, किंमत १९.९५ डॉलर. तेव्हा डॉलर चाळिसाच्या आसपास होता, म्हणजे एकेक पुस्तक आठशे रुपयांना पडलं. मावसभाऊ अमेरिकेहून येताना घेऊन आला होता आणि मी ती फोंडा-पणजी कदंबा बसच्या खिडकीत बसून वाचली होती. एका वर्षात दोन्ही निरुपयोगी झाली. आता कडेला कसर लागलीय, पानांना आपल्या पावसाळ्याचा तो ओळखीचा कुबट वास आहे. बायको खालून विचारते, "रद्दीत टाकू?"

हे आज लिहायचं कारण वेगळं. आमचं रविवारचं टेबल, म्हणजे खेळायचा गट, पाच जणांचं. त्यातल्या एकाने प्रस्ताव आणलाय की एका खेळाची नवी आवृत्ती येतेय, तिचं झलक-पुस्तक आत्ताच विकत मिळतंय, वर्गणी काढून घेऊ. पंचवीस डॉलर अधिक टपालखर्च. खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर शंभर प्रतिसाद त्या खेळावरच होतील.

तर प्रश्न असा: अशी पुस्तकं कोणी पैसे देऊन घेतली आहेत का? आणि पुढे त्यांचा काही उपयोग झाला का?

वीसकोनी

नाही. आणि नाही. प्रशासक, धागा बंद करा.

कोथरूडचा_ठोंब्या

जाहिरात विकत घेणारी माणसं गोव्यातसुद्धा आहेत हे वाचून बरं वाटलं. आम्हाला वाटायचं तो मान फक्त आमचा, सॅम्पल फ्लॅट बघायला रांग लावणाऱ्यांचा.

मुद्देसूद

आधी तारखा नीट लावून घेऊ. चौथ्या आवृत्तीची घोषणा ऑगस्ट २००७ मध्ये जेन कॉन या खेळांच्या संमेलनात झाली. पहिलं झलक-पुस्तक डिसेंबर २००७ मध्ये आलं, दुसरं जानेवारी २००८ मध्ये. खेळाची मूळ तीन पुस्तकं ६ जून २००८ ला आली. म्हणजे झलकेचं आयुष्य जेमतेम सहा महिन्यांचं.

आता पैशांचं. दोन झलका मिळून ३९.९० डॉलर. 'प्लेअर्स हँडबुक', म्हणजे ज्यातून प्रत्यक्ष खेळायचं ते ३२० पानी पुस्तक, ३४.९५ डॉलर. झलक मूळ मालापेक्षा पाच डॉलरने महाग!

अजून एक. या खेळाचं छापील 'ड्रॅगन' मासिक सप्टेंबर २००७ च्या ३५९व्या अंकाबरोबर बंद झालं. एरवी असले 'पडद्यामागे काय चाललंय' छापाचे लेख मासिकात यायचे. तेच नंतर बांधून वेगळे विकले असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, पुरावा मागू नका.

वीसकोनी

@मुद्देसूद, दंडवत. यापुढे चर्चा करायला उरलंय काय?

मांडवीकाठ

उरलंय. मुद्देसूद, तुमचा हिशोब बरोबर आहे पण तो वेगळ्याच वस्तूचा आहे. हँडबुकमध्ये नियम होते. झलक-पुस्तकांत नियम जवळजवळ नव्हतेच, आणि आहेत असं कोणी म्हटलंही नव्हतं. त्यांत होतं ते हे की बनवणाऱ्यांनी काय काढलं, काय घातलं आणि का. खेळातलं जुनं चक्राकार विश्व मोडून फेवाइल्ड (पऱ्यांचं जग) आणि शॅडोफेल (सावल्यांचं जग) का आणलं. पात्रांच्या जमातींपैकी बुटका नोम हँडबुकातून का गेला, ड्रॅगनसारखे दिसणारे ड्रॅगनबॉर्न आणि शिंगवाले टीफलिंग पुढच्या रांगेत का आले. सगळं जग अंधारलेलं, आणि त्यात लांब लांब टिमटिमणारी मोजकी गावं, ही कल्पना.

ती शेवटची कल्पना वाचली तेव्हा मी ३.५ आवृत्तीचं कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी एकच लांब कथा, चालवत होते. चौथी कधी खेळायची हे ठरलंही नव्हतं. पण पुस्तक मिटलं आणि मला माझं आजोळ दिसलं. दिवाडी. रात्रीची शेवटची फेरीबोट सुटली की बेटावरचं माणूस बेटावर आणि बाहेरचं बाहेर. पलीकडच्या धक्क्यावरचा एक दिवा तेवढा पाण्यात हलत असतो. मी तसंच्या तसं उचललं. कॅम्पेनमध्ये नदीतलं एक बेट, दिवसातून चार वेळा होडी, आणि चौथी होडी चुकली की तुम्ही रात्रभर खारफुटीत. पहिल्याच सेशनला पोरांनी होडी चुकवली, अर्थात. ते कॅम्पेन अडीच वर्षं चाललं, नियम सगळे जुने, आणि त्याचं बी त्या ९६ पानांत होतं.

माझे तरी आठशे रुपये वसूल झाले.

वीसकोनी

मांडवीकाठताई, आदर आहे, पण बी तुमच्या आजोळात होतं, पुस्तकात नव्हतं. ती कल्पना एका परिच्छेदाची आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तशा मजकुराचे लेख फुकट येत होते.

मांडवीकाठ

आजोळ तर मी जन्मापासून बघत होते. तोवर नाही सुचलं ते! :-)

घुमट

मध्येच बोलतो, माफ करा. मला तुमचा खेळ कळत नाही. नातू खेळतो, त्याच्या खोलीतून "मी दार उघडतो", "दारात सापळा आहे" असं ऐकू येतं तेव्हा मला आमच्या तालमींची आठवण होते. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं, फक्त संहिता आधी लिहिलेली नाही. बरोबर ना?

पण विकत घ्यायच्या झलकेवरून एक सांगावंसं वाटलं. संगीत नाटकं जोरात होती तेव्हा नाट्यगृहात पदांची छोटी पुस्तकं विकायचे. नाटकाचं तिकीट काढलेला माणूस वर थोडे पैसे टाकून ती घ्यायचा. वडिलांकडे अशी पुस्तकांची चळत होती. ती कोणी फसवणूक मानली नाही. घरी येऊन लोक ती पदं म्हणायचे, उत्सवाच्या नाटकात बसवायचे. आमच्या गावच्या देवळात कित्येक पोरांनी मूळ नाटक कधी न बघता नुसत्या पदांवर अंक उभा केलाय. शेवटी पुस्तकातून तुमच्या हाताला करण्यासारखं काही मिळतं की नाही, ते बघावं.

मुद्देसूद

घुमटकाका, उदाहरण आवडलं, पण पदांचं पुस्तक नाटकाबरोबर मिळायचं, सहा महिने आधी नव्हे. आणि त्यातली पदं खरीखुरी असायची. "तिसऱ्या अंकात एक सुंदर भैरवी असणार आहे, ती का असणार आहे यावर चार पानं" असं नसायचं.

घुमट

हा हा. मान्य.

कोथरूडचा_ठोंब्या

आपल्याकडे याच्या बरोब्बर उलटी पद्धत आहे की. प्रकाशनपूर्व सवलत! पुस्तक यायच्या आधी पैसे भरा, पाचशेचं पुस्तक साडेतीनशेला न्या. आगाऊ विश्वास टाकला म्हणून मराठी प्रकाशक पैसे कमी घेतो. हे साहेब आगाऊ विश्वास टाकला म्हणून जास्त घेतात, आणि मूळ पुस्तकाचे पुन्हा वेगळे.

(अवांतर: अशीच प्रकाशनपूर्व नोंदणी केलेला एक तीन खंडांचा ग्रंथ मी नोकरीला लागलो तेव्हापासून येतोय. आता मी निवृत्तीला आलो. पावती जपून ठेवलीय.)

दोनपैसे

हसून हसून पुरेवाट. पावती वारसांच्या नावे करून ठेवा.

हुर्राकप्रेमी

सगळे फार गंभीर झालेत. ऐका.

काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेला जी निघते ती हुर्राक. तीच पुढे परत ऊर्ध्वपातित केली की फेणी. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हुर्राक ही फेणीची झलकच. तरीही मार्च उजाडला की माणूस हुर्राकसाठी पेडण्यापासून काणकोणपर्यंत भटकतो, रोख पैसे मोजतो, लिम्का, मीठ आणि चिरलेली मिरची घालून पितो, आणि "थांब, फेणी होऊ दे" असं एकही शहाणा म्हणत नाही. हंगाम संपला की संपली. अर्धवट माल असूनही तिची तिची चव आहे.

तर झलक-पुस्तक हुर्राक आहे की नुसता आंबलेला रस आहे, एवढंच बघायचं.

वीसकोनी

हा प्रतिसाद धाग्यावर टाका रे कोणीतरी चिकटवून.

मुद्देसूद

उपमा सुंदर, पण हुर्राक पिऊन माणूस फेणीवाल्याला सांगू शकतो की बाबा, रस जास्त आंबलाय. झलक-पुस्तक वाचून कोणाला काही सांगता येत नाही. डिसेंबर २००७ मध्ये पुस्तक हातात पडलं तेव्हा मूळ खेळाचं काम बरंच पुढे गेलेलं होतं. वाचकाला विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगायचं, आपण पैसे देऊन ऐकायचं.

हुर्राकप्रेमी

फेणीवाल्याला सांगू शकतो म्हणता? तुम्ही आमच्या गावचा भाटकार, म्हणजे बागायतीचा मालक, पाहिला नाही.

अबोली

मुद्देसूद यांनी जे म्हटलं त्यातूनच माझा मुद्दा निघतो. मी डिचोली तालुक्यात शिकवते, शनिवारी दुपारी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन खेळते. आमचं बजेट म्हणजे झेरॉक्सचे पैसे. त्यामुळे मी फुकट ते पौष्टिक या पंथाची.

चौथ्या आवृत्तीच्याच काळात पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या लोकांनी काय केलं बघा. २००८ च्या मार्चमध्ये त्यांनी आपला कच्चा मसुदा पीडीएफ करून फुकट वाटला. ऑगस्टमध्ये पुढचा मसुदा, पीडीएफ पुन्हा फुकट, छापील हवा असेल तर विकत. पक्कं पुस्तक ऑगस्ट २००९ ला. पूर्ण वर्षभर लोक तो कच्चा खेळ खेळत होते आणि भांडत होते. दुसऱ्या आवृत्तीलाही तेच: ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा, ऑगस्ट २०१९ मध्ये पुस्तक. त्या मसुद्यात रेझोनन्स नावाचा एक प्रकार होता. जादूच्या वस्तू, अगदी औषधाची बाटलीसुद्धा, वापरायची तर रोजच्या ठरावीक गुणांतून खर्च. माझ्या मुलांनी एका दुपारीत त्याचा निकाल लावला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, औषध प्यायला पण रेशनकार्ड?" तिचं मत मी इंग्रजीत करून पाहणीच्या फॉर्ममध्ये भरलं. असंच जगभरातून गेलं असणार, कारण पक्क्या पुस्तकात रेझोनन्स नव्हता. तिला सांगितलं तेव्हा तिने वर्गात तीन दिवस मान ताठ ठेवून फिरून दाखवलं.

डी अँड डीवालेसुद्धा शहाणे झाले. पाचव्या आवृत्तीची चाचणी २०१२ च्या मे महिन्यात सगळ्यांना खुली केली, फुकट. २०१४ ला पुस्तक आलं तेव्हा मूलभूत नियमांची पीडीएफही फुकट. आमचं सगळं त्या पीडीएफवर चालतं. २०२४ च्या सुधारित पुस्तकांआधीचे मसुदेही फुकटच होते. ज्या कंपनीने २००७ मध्ये झलक विकली, तिनेच पुढच्या खेपेला मसुदा फुकट दिला, यातच काय ते आलं.

मांडवीकाठ

अबोलीताई, रेशनकार्ड! :-D त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालताय. चाचणीचा मसुदा म्हणजे कामाला लावणं. तुम्ही वेळ द्यायचा, चुका शोधायच्या, फॉर्म भरायचे. त्याचे पैसे कोणी मागितले तर तो निर्लज्जपणा. झलक म्हणजे नुसतं वाचायला बसणं. पाच वर्षांनी रेझोनन्सचा मसुदा कोण उघडेल? चाचणीचा कागद शिळा होतो. "आम्ही असं का केलं" हे सांगणारा कागद मात्र शिळा होत नाही.

अबोली

शिळा होत नाही हे पटलं. पण तो विकला गेला तेव्हा "शिळा न होणारा कागद" म्हणून विकला नव्हता हो. "नवा खेळ येतोय, सगळ्यात आधी तुम्हाला कळेल" म्हणून विकला होता.

मांडवीकाठ

हे मात्र खरं.

चुकलेला_वाटसरू

"सगळ्यात आधी" वरून माझी गोष्ट ऐका, मडगावची.

काही वर्षांपूर्वी एका खेळाच्या नव्या आवृत्तीचं असंच छापील पूर्वदर्शन मागवलं. विक्रेत्याचं नाव घेत नाही. पैसे गेले त्याच दिवशी. पुस्तक निघालं, कुठल्याशा विमानतळावर पोचलं आणि तिथे त्याने बिऱ्हाड केलं. रोज सकाळी चहाबरोबर मी ट्रॅकिंग उघडायचो, रोज एकच वाक्य. दरम्यान जून लागला. आयात केलेल्या पुस्तकांवर २०१९ पासून पाच टक्के शुल्क लागतं, ते भरायला तयार होतो, पण भरायचं कोणाकडे हे सांगायला माणूस मिळेना. विक्रेत्याची ईमेल यायची, "तुमचा संयम आम्हाला मोलाचा वाटतो."

पुस्तक आलं ते धो धो पावसात. पोस्टमनने फाटकावर अडकवलेल्या पिशवीत ठेवलं, पिशवीला भोक. वरची वीस पानं उंड्यासारखी, आमच्या गोल पावासारखी, फुगली. आणि हे ज्या आठवड्यात झालं त्याच आठवड्यात मूळ खेळ बाजारात येऊन माझ्या मित्राच्या हातात पडलेला होता. त्याने माझं भिजलेलं पूर्वदर्शन उघडून मला वाचून दाखवलं. "लवकरच येत आहे."

तेव्हापासून मी झलक म्हणून फक्त पीडीएफ बघतो, आणि तीही फुकट असेल तर.

दोनपैसे

उंड्यासारखी फुगलेली पानं. आता मला भूक लागली.

तिसरीगल्ली

उंडे कसले, म्हापशात आमच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकल सोडून स्कूटर घेतलीय, आता पोंपों वाजवत इतक्या जोरात जातो की माणूस दारात पोचेपर्यंत तो पुढच्या वाड्यावर. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

हुर्राकप्रेमी

काढ. मी येतो. पोळी की उंडो, यावर रक्तपात करू.

प्रशासक

पावाचा धागा पाककृती विभागात काढावा. इथे पुस्तकांवर बोला. (उंडो.)

तिसरीगल्ली

बरं, मूळ विषयावर. कोणीच 'कीप ऑन द शॅडोफेल'चं नाव घेतलं नाही? चौथी आवृत्ती यायच्या काही आठवडे आधी, मे २००८ मध्ये, आलेलं साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक. तीस डॉलर. तीही पैसे देऊन घेतलेली झलकच की. पण त्यात सुरुवातीपुरते नियम होते, तयार पात्रं होती, टेबलावर पसरायचे मोठे नकाशे होते. आम्ही चौघांनी पैसे काढले आणि त्याच शनिवारी खेळलो. कोबोल्ड नावाच्या बुटक्या राक्षसांनी आमचा पहिल्याच चकमकीत चेंदामेंदा केला. नकाशे अजून वापरतो, एकावर चहाचा डाग आहे तो आता अधिकृत तलाव आहे.

घुमटकाकांचीच कसोटी लावली तर हे पदांचं पुस्तक. कुळागरबाबांच्या खोक्यातली ती दोन म्हणजे भैरवीवरची चार पानं.

वीसकोनी

कंपनीने तेच साहस नंतर सुधारून फुकट पीडीएफ दिलं, हे तिसरीगल्लीने सोयीस्करपणे गाळलं.

तिसरीगल्ली

गाळलं नाही, दुःख झाकलं.

मुद्देसूद

आणि पक्कं पुस्तक तरी कुठे पक्कं होतं? कौशल्यांच्या आव्हानांचे आकडे 'डंजन मास्टर्स गाइड' हे सूत्रधारासाठीचं पुस्तक बाहेर पडल्यावर महिन्याभरात दुरुस्त करावे लागले. त्या अर्थाने जूनमध्ये घेतलेलं पुस्तकही झलकच!

कोथरूडचा_ठोंब्या

मुद्देसूद स्वतःच्याच मुद्द्याच्या विरुद्ध बोलले. तारीख नोंदवून ठेवा.

कुळागर

दोन दिवस लाइन नव्हती. आमच्याकडे वारा सुटला की आधी माडाची झावळी पडते, मग वीज जाते, मग वीज खात्याचा फोन लागत नाही. आत्ता सगळं एका दमात वाचलं.

मधल्या काळात मेणबत्तीत ती दोन पुस्तकं पुन्हा वाचली. एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. त्या वेळी मी समासात पेन्सिलीने लिहायचो. नोमच्या पानावर लिहिलंय, "परत येईल. पैज." खाली तारीख, फेब्रुवारी २००८. आणि आला की, मार्च २००९ च्या दुसऱ्या हँडबुकात! पैज कोणाशी लावली होती आठवत नाही, नाहीतर वसूल केली असती.

पण त्या एका बरोबर नोंदीवर उड्या मारायला नको. ड्रॅगनबॉर्नच्या चित्राशेजारी मोठ्या अक्षरात "हे सरडे टिकणार नाहीत." आज माझ्या टेबलावर पाचांपैकी दोघे ड्रॅगनबॉर्न आहेत, एक तर माझा स्वतःचा भाचा. वॉरलॉर्ड या पात्र-वर्गाच्या पानावर मी तीन उद्गारचिन्हं काढलीत आणि "हाच खरा". पाचव्या आवृत्तीत तो वर्गच राहिला नाही. विश्वरचनेच्या पानावर "जुनं चक्र कायमचं गेलं", आणि पाचवीत ते चक्र परत आलं, फेवाइल्ड आणि शॅडोफेल पोटात घेऊन. जादूगारांच्या परंपरांना तिथे गोल्डन वायव्हर्न वगैरे भरजरी नावं दिली होती, त्यांच्याखाली मी "वा!" लिहिलंय. मूळ पुस्तकात ती नावं आलीच नाहीत.

पानापानावर एक तिशीतला माणूस छातीठोकपणे चुकतोय.

मांडवीकाठताई, तुम्ही म्हणता तसं कारणं सांगणारा मजकूर आजही वाचावासा वाटतो. २००८ मध्ये मी तो भराभर उलटून नियम शोधत होतो, आणि नियम नाहीत म्हणून चिडत होतो. आता नियमांची गरज नाही म्हणून गोडी लागली. पण अबोलीताईंचंही खरं. मला विकलं गेलं होतं ते "आधी कळेल" हे, आणि ते सहा महिन्यांत संपलं. जे उरलं ते मला सतरा-अठरा वर्षांनी मेणबत्तीत मिळालं, आणि तेही निम्मं माझंच अक्षर आहे.

घुमट

तुमच्या समासातल्या नोंदी वाचून हसलो. वडिलांच्या पदांच्या पुस्तकांवरही अशा नोंदी आहेत. "इथे गवय्या घसरला."

वीसकोनी

सगळं गोड आहे, पण कुळागर, टेबलाच्या वर्गणीचं काय ठरलं? मूळ प्रश्न तो होता.

अबोली

हो, आणि त्या पुस्तकात खेळण्याजोगं काही आहे का ते विचारलंत का? नाहीतर पुन्हा भैरवी.

कुळागर

विचारलं. प्रस्ताव आणणाऱ्यालाच विचारलं, "यात एक संध्याकाळ खेळता येईल एवढं आहे का?" त्याने विक्रीचं पान उघडून वाचलं. नमुना साहस नाही, पात्रं नाहीत. कलाकारांची चित्रं, बनवणाऱ्यांचे लेख, आणि शेवटी तुमच्या नावाचा उल्लेख. त्या उल्लेखापायी तो अडकला होता हे तेव्हा कळलं.

मग टेबलावर मत घेतलं. तिघे नको म्हणाले. मी तटस्थ राहिलो, कारण आठशेची दोन पुस्तकं घरात असलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने बोलावं. शेवटी असं ठरलं की टेबलाची वर्गणी नाही. त्याला हवं तर त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावं, वाचून झालं की बाकीच्यांना द्यावं, आणि समासात पेन्सिलीने लिहावं ही अट. त्याने काल रात्री मागवलं. पत्ता माझा दिलाय, कारण त्याच्या घरी बायकोला माहीत नाही. वाटसरूभाऊ, फाटकावर पिशवी नवी लावलीय.

चुकलेला_वाटसरू

भोक तपासा.

मांडवीकाठ

आणि जुनी दोन? रद्दीत नाही ना गेली?

कुळागर

नाही नाही. उन्हं पडतील तशी पडवीत उघडी ठेवतो, पानं सुटी होतायत. डांबरगोळ्या घालून नव्या डब्यात ठेवणार. भाचा 'सरडे टिकणार नाहीत' हे पान फोटो काढून ग्रुपवर टाकून मोकळा झालाय, तेव्हा पुस्तक फेकलं तरी अब्रू परत येणार नाही.

हुर्राकप्रेमी

माटोळीची चौकट सापडली का?

कुळागर

नाही. बायकोने कालच सुताराला बोलावलं. नवी करायला घातली, बाराशे रुपये.

मुद्देसूद

म्हणजे दीड झलक.